हेल्थ-सोशल केअरच्या प्रोजेक्टला सरसकट प्रश्नावलीच का?

समाजकार्यवाली
विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट प्रपोजल वाचायचं काम माझ्याकडे असतं आणि दर वर्षी तेच बघते, विषय कुठलाही असो, पद्धत आधीच ठरलेली, गुगल फॉर्म! आता समजा विषय आहे डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) पेशंटची घरी काळजी घेणारे नातेवाईक. त्यांच्यावर ताण असतो हे नव्याने सिद्ध करायची गरजच नाही, तो मोजायचं झॅरिटचं स्केल १९८० पासून आहे, आज जास्त करून २२ प्रश्नांचं वापरतात, ० ते ८८ स्कोअर. मग परत फॉर्म फिरवून 'ताण आहे' एवढंच सांगणार? मदत मिळत असूनही ती बायको किंवा तो मुलगा ती घेत का नाही, रात्री पेशंट उठून फिरायला लागला की घरात काय चालतं, कुणाला सांगायची लाज वाटते, हे 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' मध्ये कसं बसवणार? समोर बसून ऐकावंच लागतं. माझं स्पष्ट मत, तीन-चार महिन्यांच्या प्रोजेक्टला दहा-बारा सखोल मुलाखती घ्याव्यात आणि त्या नीट कराव्यात.

आकडेमोड
अजिबात पटलं नाही मॅडम. दहा-बारा जणांशी बोलून सेवा चालवणाऱ्यांना सांगणार काय, की काहींना लाज वाटते? म्हणजे किती जणांना, बायकांना जास्त की पुरुषांना, असं विचारलं की मुलाखतवाल्यांकडे उत्तर नसतं. पैसा कुठे लावायचा हे ठरवणाऱ्याला आकडाच लागतो. आणि समोर दिसतं ते खरंच असतं असंही नाही. मेनोपॉजनंतरच्या हार्मोन गोळ्यांचं बघा, निरीक्षणात त्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी दिसायचा म्हणून डॉक्टर विश्वासाने लिहून द्यायचे, मग अमेरिकेत १६ हजारांवर बायकांचे रँडम गट पाडून ट्रायल केली आणि २००२ मध्ये ती मधेच थांबवावी लागली, फायद्यापेक्षा धोका जास्त निघाला.

समाजकार्यवाली
अहो पण ते आधीचे निरीक्षणाचे अभ्यासही आकड्यांचेच होते की! गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच सुस्थितीतल्या, तब्येत जपणाऱ्या होत्या, तिथे घोळ झाला. आणि विद्यार्थी काय ट्रायल करणारे का? तो करणार लिंक फॉरवर्ड. किती जणांना विचारायचं हे सांगणाऱ्या कुठल्यातरी कॅल्क्युलेटरवर ३८४ आकडा बघतो आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकून ४०० उत्तरं गोळा करतो. ते ३८४ रँडम सॅम्पलसाठी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी माणसं निवडली तर आहे, ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चुकीची मुभा धरून. ज्याला फोन बघायला वेळ आहे त्यानेच फॉर्म भरला तर ४०० काय आणि ४ हजार काय, दिवसरात्र पेशंटपाशी अडकलेला माणूस त्यात नाहीच.

नाईटड्युटी
नर्स आहे म्हणून लिहिते. ऑपरेशन थिएटरची डब्ल्यूएचओची सेफ्टी चेकलिस्ट, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी टीमने मोठ्याने वाचून तपासायची यादी, २००९ मध्ये आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांचा अभ्यास आला, मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. सगळीकडे ती चेकलिस्ट सुरू झाली. मग २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओचा अभ्यास आला, १०१ हॉस्पिटलं, आणि मृत्यूंत म्हणावा असा फरकच नाही. का नाही, हे त्या टक्केवारीतून कळत नाही. कुठे कुठे ती सर्जन येण्याआधीच भरली जाते, मोठ्याने वाचताना निम्मे लोक लक्षच देत नाहीत, हे थिएटरमध्ये उभं राहून बघणाऱ्यालाच कळतं. मी समाजकार्यवाली ताईंच्या बाजूने, फक्त मुलाखतीबरोबर निरीक्षणही धरा, कारण मुलाखतीत सगळे 'आम्ही नियमाने करतो' असंच म्हणतात.

आकडेमोड
नाईटड्युटी, फरक पडला नाही हे कळलं कशामुळे? आकड्यांमुळेच ना? आधी ते कळलं म्हणून 'का' विचारायची वेळ आली.

अभ्यासू७७
दोन्ही करा की, मिक्स्ड मेथड. आधी छोटा सर्व्हे, मग त्यातल्याच काहींच्या मुलाखती.

समाजकार्यवाली
कागदावर छान दिसतं हो. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायलाच नवशिक्याला पाच-सहा तास सहज जातात, त्यावर कोडिंग (बोलण्याच्या तुकड्यांना अर्थाची लेबलं लावणं), थीम काढणं, त्यात सर्व्हेचं विश्लेषण वेगळं. एकट्या विद्यार्थ्याचं दोन्ही अर्धवट राहतं आणि शेवटी दोन्हीचा एकमेकांशी काय संबंध हे लिहायला वेळच उरत नाही, मिक्स्ड मेथडचा खरा जीव तर तिथेच असतो.

नाईटड्युटी
अजून एक, यावर कुणीच बोललं नाही. वर्षभर आईची काळजी घेणारी बाई मुलाखतीत रडायला लागली तर समोरचा वीस-बावीस वर्षांचा विद्यार्थी काय करणार? थांबायचं कधी, पुढे कुणाकडे पाठवायचं, हे एथिक्सच्या, म्हणजे माणसांवर अभ्यास करायच्या परवानगीच्या अर्जात आधी लिहिलेलं पाहिजे. नुसती संमतीची सही पुरत नाही. ते जमणार नसेल तर सरळ आधी छापून आलेल्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घ्यावा, तोही पूर्ण प्रोजेक्टच आहे, त्याला कमी का समजतात मला कळत नाही.

आकडेमोड
आढाव्याला माझा पाठिंबा. पण मॅडम, मुलाखतीच करायच्या तर माणसं आणणार कुठून? विद्यार्थी सपोर्ट ग्रुपमध्ये जातो आणि तिथले बोलायला तयार असलेले दहा जण उचलतो. म्हणजे मदत घेणारेच आले! तुमचा प्रश्न मदत न घेणाऱ्यांचा आहे. फॉर्मला लावलेला आक्षेप तुमच्या पद्धतीलाही तसाच लागतो.

समाजकार्यवाली
लागतो, मान्य. म्हणून सपोर्ट ग्रुपची यादी मी घेऊच देणार नाही, ओपीडीत पेशंटला घेऊन येणाऱ्या नातेवाइकांतून निवडायचे, त्यातही कधीच मदत न घेतलेले मुद्दाम शोधायचे, आणि कुणी नकार दिला तेही लिहून ठेवायचं. हॉस्पिटलच्या परवानगीत एक-दोन महिने सहज जातील, तेवढे धरून मुलाखती सहा-सातच झाल्या तरी चालेल मला. फॉर्मला मात्र माझं नाहीच.