जुनं जॉन्सन मशीन सुरू होतं, दोन मिनिटांत बंद पडतं. मदत हवी आहे

खाडीकाठ
नमस्कार. काकांचं जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं मशीन, घरीच दुरुस्त करतोय. बावीस वर्षं पडवीत गोणपाटात गुंडाळून पडलं होतं. कारब्रेटर तीनदा उघडून साफ केला, प्लग नवे टाकले. तिसऱ्या-चौथ्या दोरीला सुरू होतं, आवाजही छान येतो, आणि दीड-दोन मिनिटांत मान टाकतं. थोडं थांबून ओढलं की परत तेच. नारळी पौर्णिमेला काकांना होडीत बसवून वाघोटन खाडीत न्यायचं ठरलंय. ते ८२ वर्षांचे आहेत, रोज विचारतात, "झालं काय रे?" कारब्रेटरमध्येच काही राहिलंय का? लवकर सांगा.

मिरकरवाडा_मेकॅनिक
किती एचपी? प्लग एक की दोन? टाकी वेगळी की मशीनवरच? पेट्रोल की घासलेट? आणि चालवताय कशात? पाण्याच्या पिंपात मशीनचा पाय, म्हणजे पंख्याकडचा खालचा भाग, बुडवून चालवत असाल तर ठीक, कोरडं चालवलंत तर पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर लगेच जळतो.

जुनो_तांडेल
कारब्रेटराक हात लावू नको. आमच्या यामाहाचा असाच झाल्ला. गरम झाला काय करंट जाता, निवला काय परत येता. थांबून सुरू होता म्हणतंस, म्हंजे प्लगाक करंट देणारी कॉइलच. ती बदल.

खाडीकाठ
साडेनऊ एचपी, दोन प्लग, टाकी वेगळी, पेट्रोल. पिंपातच चालवतो. कॉइल कुठे मिळेल?

सुट्टीतला_कोकणी
एक सुचवू का? नवीन फोर स्ट्रोक घ्या. मी दोन वर्षांपूर्वी घेतलं, ऑइल मिसळायची कटकट नाही, धूर नाही. जॉन्सन बनवणारी ओएमसी २००० सालीच दिवाळखोरीत गेली. पुढे ज्यांनी तो धंदा घेतला त्यांनीही २०२० मध्ये आउटबोर्ड बनवणं थांबवलं. जुन्याच्या मागे किती पैसे घालणार?

खाडीकाठ
नवीन घ्यायचं नाहीये. या मशीनवर काकांनी आम्हा चार भावंडांची शाळेची फी काढली. हेच चालवायचंय.

मिरकरवाडा_मेकॅनिक
कॉइल इतक्यात घेऊ नका. तांडेलकाका, तुमच्या अनुभवाला मान आहे, पण या जॉन्सनमध्ये फ्लायव्हीलखाली दोन कॉइल आणि करंट जोडणारे-तोडणारे दोन पॉइंट असतात. दोन्ही एकाच क्षणी कशा जातील? एक गेली तर मशीन एका सिलिंडरवर फडफडेल, झटकन बंद पडणार नाही.
खाडीकाठ, बंद पडल्यावर परत ओढण्याआधी नक्की काय करता? एकेक गोष्ट लिहा.

खाडीकाठ
काय करणार, टाकीकडून येणाऱ्या पेट्रोलच्या पाइपातला रबरी फुगा दाबून घट्ट करतो आणि ओढतो. ते तर सगळेच करतात.

मिरकरवाडा_मेकॅनिक
हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! फुगा दाबलात की कारब्रेटरची वाटी भरते. तेवढ्या पेट्रोलवर मशीन दोन मिनिटं चालतं. वाटी रिकामी झाली की बंद. म्हणजे वाटीपर्यंत पेट्रोल आपोआप पोचत नाहीये.
आज चालू करा आणि मरायला लागलं की कुणाला तरी फुगा दाबत राहायला सांगा. सावरलं, तर दोष पेट्रोलच्या वाटेत. नाही सावरलं, तर लगेच प्लग काढून करंट बघा, मग तांडेलकाकांचं बरोबर. फुगा चपटा होऊन आत ओढला जात असेल तर टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बंद आहे किंवा टाकीतली जाळी तुंबलीय.

जुनो_तांडेल
बघून घेवा. तीस वर्सा दर्यात काढलंय, करंटच असतलो.

रंगारी_देवगड
रंग कुठला मारणार आहात? होडीच्या बुडाला लावतात तो तांब्याचा रंग पायाला अजिबात लावू नका. खाऱ्या पाण्यात तांबं अॅल्युमिनियमला खातं. आधी झिंक क्रोमेट प्राइमर मारा. माझ्या भावाच्या मशीनचा पाय अशाच रंगाने चाळणी झाला.

पेट्रोलपंपवाला
हे सगळं इथेनॉलमुळे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या मशीनचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं.

सुट्टीतला_कोकणी
प्रत्येक धाग्यावर इथेनॉल आणू नका. मशीन बावीस वर्षं पडून आहे, रबर तसंही संपलेलं असणार.

पेट्रोलपंपवाला
मी तेच सांगतोय. संपत आलेल्या रबरात आजचं पेट्रोल घातलं की ते लवकर विरघळतं. ऑइल किती घालताय तेही लिहा.

खाडीकाठ
लिटरला ४० मिली. मोटरसायकलचं टू टी, म्हणजे टू स्ट्रोकचं ऑइल.

मिरकरवाडा_मेकॅनिक
या मशीनला ५० ला १ पुरतं, म्हणजे लिटरला २० मिली. आणि आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू३ घ्या, पाण्याने थंड होणाऱ्या मशीनसाठी तेच असतं. फुग्याचं काय झालं?

खाडीकाठ
फुगा दाबत राहिलो तेवढा वेळ मशीन चाललं! पुतण्याने अकरा मिनिटं दाबला, हात भरून आले त्याचे. मग पाइप काढून ब्लेडने उभा चिरला. बाहेरून चांगला दिसत होता. आतलं अस्तर सुटून सापाच्या कातीसारखं लोंबत होतं, मशीनने ओढलं की तेच वाट बंद करत होतं. बोटाला काळा चिकट लगदा लागला. मशीनवरच्या, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदाही कडक होऊन कडेने वळलाय. नवा पाइप टाकला, आता पाच-सहा मिनिटं चालतं. पडदा अजून मिळालेला नाही.
पण मशीन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार कुठूनच येत नाही.

जुनो_तांडेल
बरा झाला. पण धार नाय म्हंजे पाण्याचो पंप गेलो. चालवू नको.

मिरकरवाडा_मेकॅनिक
जुन्या जॉन्सनमध्ये पुष्कळदा वेगळी धार नसतेच, पायाच्या मागच्या भोकांतून धुराबरोबर पाण्याचे तुषार उडतात. तिथे हात धरून बघा. तुषार असले तरी इंपेलर बदलाच, बावीस वर्षांत त्याच्या पात्या वाकून तशाच राहिल्या असतील. आणि गिअरचं ऑइल खालच्या स्क्रूने काढून रंग सांगा.

खाडीकाठ
तुषार आहेत, हाताला कोमट लागतात. ऑइल काढलं, ताकासारखं पांढरं निघालं. आधी अर्धा कप नुसतं पाणीच आलं. आता?

मिरकरवाडा_मेकॅनिक
गिअरमध्ये पाणी शिरू न देणारं पंख्याच्या शाफ्टचं सील गेलंय. पंखा काढा, मागे माशाच्या गळाची दोरी अडकून सील कापलंय का बघा. जुनं सील फेकू नका. त्यावर बऱ्याचदा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी कोरलेली असते, तो आकडा बेअरिंगच्या दुकानात दाखवा. ऑइल भरताना खालून भरा, वरच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत.

खाडीकाठ
दोरी होती. तीन वेढे, शाफ्टवर घट्ट बसलेली. काकांना दाखवली, म्हणाले ही माझीच. उद्या सील घेऊन रत्नागिरीला येतोय, दुकान किती वाजता उघडतं?