बॅग आलीच नाही! विमान कंपनीकडून भरपाई मिळवतानाचे तुमचे अनुभव सांगा

पट्टा फिरायचा थांबला तेव्हा हॉलमध्ये आम्ही सात-आठ जणच उरलो होतो. माझी निळी बॅग काही आली नाही. काउंटरवरच्या मुलाने नाव आणि फोन नंबर एका वहीत लिहून घेतला आणि म्हणाला, "घरी जा, बॅग आली की फोन करतो." मी निघालेच होते. रांगेत मागे उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, कागद हातात आल्याशिवाय या दाराबाहेर पडू नका." मी परत फिरले आणि रीतसर नोंद करून घेतली. त्या बाईंचं नावही मला माहीत नाही, पण पुढे जे पैसे मिळाले ते त्यांच्या त्या एका वाक्यामुळे, असं मी आजही मानते.

त्या कागदाला पीआयआर म्हणतात. त्यावरचा क्रमांक दहा अक्षरांचा असतो: पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन विमान कंपनीची आणि मग पाच आकडे. वर्ल्डट्रेसर नावाच्या प्रणालीत बॅगेचा शोध याच क्रमांकावर चालतो. वहीतल्या नोंदीला असा क्रमांक नसतो, म्हणून ती वही तुमच्या कामाची नाही.

माझी बॅग चौथ्या दिवशी आली. मधल्या दिवसांत कपडे, चार्जर आणि एका परिषदेसाठी बूट घ्यावे लागले होते. कंपनीचं उत्तर आलं, "आमच्या नियमानुसार दिवसाला ठरावीक रक्कम, तीही फक्त दोन दिवसांची." मी उलट लिहिलं की 1999च्या मॉन्ट्रिअल कराराचं (विमान कंपन्यांच्या जबाबदारीबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) 19वं कलम उशिरामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी कंपनीवर टाकतं, 22वं कलम वरची मर्यादा ठरवतं आणि 'दिवसाला अमुक इतके' असं त्यात कुठेही नाही. कंपनीने सगळे वाजवी उपाय केले होते असं तिने सिद्ध केलं तरच ती सुटते, आणि माझ्या बाबतीत बॅग विमानात चढलीच नव्हती. सोबत सगळ्या पावत्या जोडल्या. दोन आठवड्यांनी कपड्यांचे आणि चार्जरचे पूर्ण पैसे आले, बुटांचे निम्मे. बूट पुढेही वापरता येतील, हे त्यांचं म्हणणं मला पटलं आणि मी ते मान्य केलं.

ही मर्यादा 28 डिसेंबर 2024पासून प्रत्येक प्रवाशामागे 1,519 एसडीआर आहे, त्याआधी 1,288 होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. डॉलर, युरो, युआन, येन आणि पाउंड या पाच चलनांवर त्याची किंमत ठरते, त्यामुळे ती रोज थोडी हलते. एवढी रक्कम आपोआप मिळते असा मात्र समज करून घेऊ नका. नुकसान दाखवाल तेवढंच मिळतं, त्याच्या वर नाही. आणि हे सगळं आंतरराष्ट्रीय प्रवासापुरतं. देशांतर्गत विमानांना त्या त्या देशाचे नियम लागतात.

तुमचंही सामान हरवलं, उशिरा आलं किंवा मोडून हातात पडलं असेल तर कृपया लिहा. कितव्या दिवशी तक्रार केली, पहिलं उत्तर काय आलं, शेवटी काय झालं. नकार मिळाला असेल तर तोही जरूर लिहा.

* * *

माझी बॅग वेळेवर आली, पण घरी पोचल्यावर पाहिलं तर एक चाक मुळासकट उखडलेलं आणि त्या कोपऱ्याला तळहाताएवढी भेग. विमानतळावर ट्रॉलीवरून आणल्यामुळे काही लक्षातच आलं नाही. कंपनीचं पहिलं उत्तर: "विमानतळ सोडण्यापूर्वी तक्रार नोंदवली नाही, सबब दावा अमान्य." मी गप्प बसणार होतो. माझ्या बहिणीने कराराचं 31वं कलम काढून दाखवलं. मोडतोडीची लेखी तक्रार सामान हातात पडल्यापासून सात दिवसांत करायची, इतकंच त्यात आहे. विमानतळावरच केली पाहिजे असं नाही. मी पाचव्या दिवशी ईमेल केला होता.

दुसरं उत्तर आलं की चाकं, हँडल आणि पट्ट्यांची जबाबदारी कंपनी घेत नाही, तिकिटाच्या अटींत तसं लिहिलेलं आहे. यावर 26वं कलम कामाला आलं. कराराने घातलेली जबाबदारी टाळणारी किंवा मर्यादा कमी करणारी अट मुळातच रद्द ठरते. ओरखडे, मळ, कडेची झीज यांचे पैसे मी मागितले नव्हते आणि मागूही नयेत. पण चाक उखडणं म्हणजे झीज नव्हे.

कामाला आलेल्या गोष्टी: बॅगेवर टॅग तसाच असताना काढलेले फोटो, आणि बॅग दुरुस्त करणाऱ्याने 'दुरुस्त होण्यासारखी नाही' असं लिहून दिलेली चिठ्ठी. बॅग तीन वर्षांची म्हणून घसारा कापून साधारण साठ टक्के किंमत मिळाली.

* * *

आमचा अनुभव वाईट आहे, पण कोणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहिते. बॅग नऊ दिवसांनी आली. पीआयआर केलेला होता, पावत्या होत्या. आम्हाला वाटलं की तक्रार झालेलीच आहे, सवडीने पैसे मागू. दीड महिन्याने पत्र पाठवलं तर उत्तर आलं की मुदत संपली. उशिरा आलेल्या सामानाबद्दल बॅग ताब्यात मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी मागणी करावी लागते. पीआयआर ही बॅग शोधण्यासाठीची नोंद आहे, पैशांची मागणी नाही, असं त्यांनी कळवलं. आम्ही पुढे भांडलो नाही. भांडायला हवं होतं का, हे आजही मनात आहे.

* * *

वरच्या ताईंसाठी: युरोपियन न्यायालयाने 2018मध्ये एका प्रकरणात म्हटलं आहे की प्रवाशाचं तोंडी म्हणणं कंपनीच्या कर्मचाऱ्याने संगणकात नोंदवलं तरी ती लेखी तक्रार ठरू शकते. तुमच्या वेळी उपयोग झाला असता की नाही ते प्रकरणावर अवलंबून, पण 'पीआयआर म्हणजे काहीच नाही' हे कंपनीचं म्हणणं सरसकट खरं नाही. तरीही मी प्रत्येकाला हेच सांगेन की वेगळा ईमेल मुदतीत पाठवाच. चार ओळींचा पुरतो: उड्डाण क्रमांक, टॅग क्रमांक, काय झालं, किती मागणी आहे.

* * *

आमची बॅग कायमची गेली. चौघांचं सामान दोन बॅगांत होतं आणि त्यातली मोठी हरवली. ती आली असती त्या तारखेपासून 21 दिवस उलटले किंवा कंपनीने स्वतःच हरवल्याचं मान्य केलं, की कायद्याने ती हरवलेली धरली जाते. बाविसाव्या दिवशी आम्ही दावा पाठवला.

सगळ्यात अवघड काम होतं यादी करायचं. बंद बॅगेत काय काय होतं हे नेमकं कोणाला आठवतं? आम्ही सगळे टेबलाभोवती बसलो आणि प्रवासाच्या आधीच्या महिन्यातले फोटो पाहिले. मुलीच्या अंगात तो स्वेटर दिसला, तो लिहिला. टेबलावर कॅमेऱ्याचा स्टँड दिसला, तो लिहिला. मग बँकेचे हिशेब आणि खरेदीचे जुने ईमेल. पावती नसलेल्या वस्तूंपुढे आम्ही 'पावती नाही, अंदाजे किंमत' असं प्रामाणिकपणे लिहिलं. माझ्या मते त्यामुळेच बाकीच्या यादीवर त्यांनी विश्वास ठेवला.

कंपनीने एकाच माणसाची मर्यादा लावली, कारण टॅग माझ्या नावावर होता. युरोपियन न्यायालयाचा 2012चा निकाल आहे: दुसऱ्याच्या नावे दिलेल्या बॅगेत आपलं सामान होतं हे दाखवता आलं, तर त्या प्रवाशालाही स्वतःच्या मर्यादेपर्यंत भरपाई मागता येते. आमचा प्रवास त्या न्यायालयाच्या हद्दीतला होता. यादी प्रत्येकाच्या नावाने वेगवेगळी करून पुन्हा पाठवली. चार महिने लागले, पण चौघांचा हिशेब वेगळा झाला.

एका वहीची किंमत मात्र आम्ही लिहिलीच नाही. सासूबाईंच्या हाताने लिहिलेली होती आणि त्या आता नाहीत. रकान्यात काय भरायचं ते सुचेना, म्हणून तो रिकामा सोडला.

* * *

एका तिकिटावर दोन कंपन्यांची विमानं होती. पहिली म्हणे दुसरीला विचारा, दुसरी म्हणे आमच्याकडे बॅग आलीच नाही. यात पाच आठवडे गेले. मग कळलं की सामानासाठी पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि जिच्या ताब्यात असताना नुकसान झालं ती, यांपैकी कोणावरही दावा करता येतो (36वं कलम). मी शेवटच्या कंपनीला एकच वाक्य लिहिलं: 'तुमचा आपसातला हिशेब तुम्ही नंतर करा, माझी मागणी तुमच्याकडे आहे.' तीन आठवड्यांत पैसे आले. दोन वेगवेगळी तिकिटं काढलेली असतील तर हा आधार धरू नका, तो वेगळा विषय आहे.

* * *

मी काही वर्षं सामान विभागात काम केलं आहे, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. बॅगा मागे राहतात त्या बहुतेक विमान बदलताना. दोन विमानांमध्ये तुम्ही पळत पळत पोचता, बॅग पोचत नाही. दुसरं कारण म्हणजे जुने टॅग. हँडलवर मागच्या प्रवासाचा टॅग किंवा कडेला चिकटलेला छोटा बारकोड राहिला, तर यंत्र तो वाचू शकतं आणि बॅग भलत्याच पट्ट्यावर जाते. घरून निघतानाच सगळे जुने कागद सोलून काढा.

तक्रार घेताना आम्ही बॅगांच्या चित्रांचा एक तक्ता पुढे करतो: रंग, आकार, चाकं, कुलूप. लोक घाईत 'काळी बॅग' म्हणून बोट ठेवतात. काळ्या बॅगांची तर रास पडलेली असते. टॅग तुटून पडला असेल तर आम्ही बॅग उघडून आत काय आहे ते लिहितो आणि तुमच्या वर्णनाशी जुळवतो. 'कपडे' लिहू नका, प्रत्येकाच्या बॅगेत कपडेच असतात. 'पिवळी छत्री, लाकडी मुठीची' असं लिहा. आणि आतमध्ये नाव आणि फोन नंबर असलेला कागद ठेवा.

आणखी एक. जून 2018पासून आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, 753व्या ठरावाप्रमाणे सदस्य कंपन्यांना बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवायची आहे: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानासाठी सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना. तेव्हा 'शेवटची नोंद कुठली आहे?' हा प्रश्न काउंटरवर जरूर विचारा. उत्तर त्यांच्या पडद्यावर असायला हवं.

* * *

बॅग आली, कुलूप तुटलेलं, आतली लेन्स गायब. काउंटरवर मी बॅग पुन्हा वजन करून मागितली. टॅगच्या पावतीवर 19.4 किलो होतं, काट्यावर 17.8 भरलं. तो आकडा पीआयआरवर लिहून घेतला आणि विमानतळावरच्या पोलिसांकडेही तक्रार दिली. कंपनीने 'मौल्यवान वस्तू चेक-इन बॅगेत ठेवायच्या नाहीत' हे कारण दिलं, पण वजनाचा फरक त्यांच्याच कागदावर होता. लेन्सच्या बिलाचा काही भाग मिळाला. लेन्स मात्र आता हातातच असते.

* * *

माझी चाकाची खुर्ची माझ्या पाठीच्या मापाने बनवलेली आहे. उतरल्यावर ती आणली तेव्हा चौकट वाकलेली होती आणि डावं चाक फिरत नव्हतं. तुमची बॅग मोडली तर गैरसोय होते. माझी खुर्ची मोडली म्हणजे मी जागची हलू शकत नाही. हे लोकांना कळावं म्हणून लिहिते आहे.

करारात खुर्चीसुद्धा सामानच धरली जाते आणि मर्यादा तीच. खुर्चीची किंमत त्याच्या कितीतरी पट. मी वाचले ते एका गोष्टीमुळे. 22व्या कलमात सोय आहे की सामान देतानाच त्याचं विशेष मूल्य लेखी घोषित केलं आणि लागल्यास जादा आकार भरला, तर मर्यादा त्या मूल्यापर्यंत वाढते. मी उड्डाणाआधी तीन दिवस ईमेल केला होता आणि काउंटरवर त्याची प्रत शिक्का मारून घेतली होती. तिथल्या मुलीला असं काही असतं हे ठाऊक नव्हतं, तिने वरिष्ठांना बोलावलं, वीस मिनिटं गेली. पूर्ण दुरुस्तीचा खर्च आणि मधल्या काळातल्या भाड्याच्या खुर्चीचे पैसे मिळाले. अमेरिकेत देशांतर्गत उड्डाणांवर अशा साधनांना सामानाची मर्यादाच लागत नाही. सगळीकडे तसंच असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

* * *

प्रवास विमा असेल तर दोन्हीकडे एकाच खर्चाचे पैसे मागता येत नाहीत, पण फरक मागता येतो. विमावाल्यांनी माझ्याकडे पीआयआर आणि विमान कंपनीने किती दिले याचं पत्र मागितलं. ते पत्र आधीच मागून ठेवा.

* * *

मी सध्या याच सगळ्यातून जातो आहे. बॅगेत एअरटॅग, म्हणजे फोनवर आपली जागा दाखवणारं छोटं यंत्र, आहे. तो सांगतो की बॅग मधल्या विमानतळावरच आहे, नऊ दिवस एकाच जागी. कंपनी म्हणते 'शोध चालू आहे'. फोनवरून त्या जागेची लिंक कंपनीला पाठवण्याची सोय 2024च्या अखेरीस आली, ती वापरली आणि लिंक पीआयआर क्रमांकासह पाठवली. लिंक उघडली गेल्याचं दिसतं, बॅग हलल्याचं दिसत नाही.

इथले अनुभव वाचून काल रात्री यादी करायला बसलो. 'कपडे' खोडून एकेक कपडा लिहिला, जुने ईमेल शोधले, चौदा वस्तूंच्या पावत्या सापडल्या. कोर्टात दावा दाखल करायला दोन वर्षांची मुदत असते हे माहीत आहे, पण तोपर्यंत थांबणार नाही. आज एकोणिसावा दिवस. पत्र लिहून तयार आहे, फक्त तारीख घालायची बाकी आहे.