रविवारी चर्चमधूनच थकून घरी येतो, मग विसावा घ्यायचा कधी?

ऐरोलीचा बास:
सलाम सगळ्यांना. महापेला आयटीत आहे, यूएस शिफ्ट, शुक्रवारचं काम संपेपर्यंत शनिवार उजाडलेला असतो. रविवारी सकाळी संडे स्कूल शिकवतो, मग उपासना, मग कॉयर प्रॅक्टिस (मी बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज गातो), मग कमिटी मीटिंग आणि संध्याकाळी कोणाकडे तरी प्रार्थना सभा. महिन्यातून एक रविवार मी फक्त मागच्या बाकावर बसून उपासना ऐकीन एवढंच म्हटलं, तर कमिटीतले एक जण म्हणाले प्रभूच्या कामात थकवा कसला. अहो पण प्रभू स्वतः वादळात मचव्यात उशी घेऊन झोपला होता ना! रेल्वेचे रूळ पण रविवारी मेगाब्लॉक घेतात. मला तर वाटतं न थांबणं हाच अविश्वास आहे, म्हणजे मी बसलो तर देवाचं अडेल असं वाटणं.

जुना ठाणेकर:
बाळा, सहा दिवस कंपनीला देताना थकत नाहीस, सातव्या दिवशी बरोबर थकवा येतो? शब्बाथ दिवशीच, म्हणजे विसाव्याच्या दिवशीच, प्रभूने वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला. 'माझा पिता आजपर्यंत काम करत आहे आणि मीही काम करत आहे', योहान ५:१७ वाच. आळसाला वचनं चिकटवू नये.

नाईट ड्युटी, वाशी:
दोघांनाही विचारते, रविवारी तुमच्याकडे मटण कोण करतं? बायबलच्या अनुवाद पुस्तकात ५:१४ मध्ये तुझा दास, तुझी दासी, बैल, गाढव सगळ्यांची यादी आहे, त्यांनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा म्हणून, आणि पुढच्याच वचनात आठवण करून दिलीय की तू मिसर देशात दास होतास. यादीत बायको तेवढी नाही, म्हणून का? मी नर्स आहे, रोस्टरमध्ये रविवार कधीतरी मिळतो आणि नेमका त्याच दिवशी महिला मंडळाचा चहा माझ्याकडे असतो.

शब्बाथ शनिवारीच:
रविवारी शब्बाथ बायबलमध्ये कुठे आहे ते आधी दाखवा.

ऐरोलीचा बास:
झालं, आले हे.

टेंभी नाका:
शनिवारवरून आठवलं. आपल्या ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटलजवळ बेने इस्राएल, म्हणजे इथल्या ज्यू लोकांचं सिनेगॉग, त्यांचं प्रार्थनास्थळ आहे, १८७९ चं. हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावं त्यांना शनवार तेली म्हणायची. हिब्रू विसरले पण शनिवार नाही सोडला. आपल्याला शेजारी कशावरून ओळखतात, नाताळच्या केकवरून! आणि रविवारची सुट्टी तरी कोणी आणली, तर नारायण मेघाजी लोखंडेंनी, ठाण्यातच जन्मलेले, ख्रिस्ती नाहीत, सत्यशोधक. १० जून १८९० ला गिरणी कामगारांना ती मिळाली, त्याआधी सातही दिवस राबायचे. एवढा झगडून मिळालेला दिवस आपण मीटिंगांनी भरून टाकला.

जुना ठाणेकर:
लोखंडे मान्य. पण सगळेच मागच्या बाकावर बसले तर पुढे पाळक एकटाच. आणि खरं सांगू का, मिसेस गेल्यापासून रविवारचं घर मला खायला उठतं, चर्चमध्ये बाकं पुसली, गीतपुस्तकं लावली की दिवस जातो. तुला विसावा पाहिजे, मला काम पाहिजे.

ऐरोलीचा बास:
अंकल, हे माहीत नव्हतं, सॉरी. महिन्यातून एक रविवार माझा संडे स्कूलचा वर्ग घ्याल का? पोरं अजिबात ऐकत नाहीत हे आधीच सांगतो.

जुना ठाणेकर:
घेतो. तुझं म्हणणं पटलंय म्हणून नाही. आणि त्या दिवशी कॉयरमध्ये बास कोण गाणार ते पण ठरव.

नाईट ड्युटी, वाशी:
मटणाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.