थंडीत सापडलेलं वटवाघूळ आणि मसण्याउदाचं पिल्लू, काय करू?

महालवाला
नमस्कार मंडळी. नागपुरात महाल भागात आमचं जुनं कौलारू घर आहे. आज सकाळी मागच्या पडवीत एक वटवाघूळ पडलेलं दिसलं, जेमतेम अंगठ्याएवढं. मेलं समजून आई सुपलीत भरायला गेली तर पंख हलवला त्यानं. बुटाच्या खोक्यात ठेवलंय. त्यात काल संध्याकाळी शेजारच्या काकांना टिनाच्या शेडमध्ये मसण्याउदाचं, म्हणजे उदमांजराचं, पिल्लू सापडलं. डोळे उघडलेत, आई दिसत नाही. तेही आमच्याकडेच आणून दिलं.
यूट्यूबवर अमेरिकेतल्या बायका वटवाघळं न् ओपॉसम (तिकडचा मांजराएवढा, पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणारा प्राणी) अख्खा हिवाळा घरात सांभाळतात, ते व्हिडिओ पाहून राहिलो. तसं फेब्रुवारीपर्यंत ठेवावं का? हीटर कोणता घेऊ? वटवाघळाला केळं दिलं, तोंड लावत नाही.

रातपाखरू
केळं काढा आधी. एवढंसं वटवाघूळ किडे खाणारं असतं, त्याला फळाशी काय घेणं! थोराड, कुत्र्यासारखं तोंड आणि मोठे डोळे असतील तर फळखाऊ. बारीक डोळे आणि मोठे कान असतील तर किडेखाऊ.
ते मेल्यासारखं वाटलं, कारण किडेखाऊ वटवाघळं थंडीत अंगाचं तापमान उतरवून निपचित पडतात. हाताला गार आणि कडक लागतात. अशा वेळी पाणी, दूध, ग्लुकोज काहीही तोंडात घालू नका. गार अंगाला गिळता येत नाही, फुप्फुसात जातं. आधी ऊब द्या, मग बाकीचं.
खोक्यात सुती फडकं एका बाजूनं वरून खाली सोडा, म्हणजे त्याला नखं रोवून उलटं लटकता येईल. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या कड्यांत नखं अडकतात. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच टोकाला ठेवा, फार गरम झालं तर त्याला दुसऱ्या टोकाला सरकता आलं पाहिजे. झाकण घट्ट लावा. बोटाएवढी फट मिळाली की गेलंच समजा, मग पंख्यामागं शोधत बसाल. अंग थरथरायला लागलं तर घाबरू नका, ते स्वतःच स्वतःला तापवत असतं. नीट हलायला लागलं की मऊ ब्रशच्या टोकानं पाण्याचा थेंब ओठाला लावा, चाटेल.
आणि हे सगळं जाड हातमोजे घालून. उघड्या हातानं अजिबात नाही.

जनावरांचा डॉक्टर
वरच्याशी सहमत. हीटरचं विचारलंत म्हणून सांगतो, शेगडी बंद खोलीत लावू नका, तुमच्याही जिवाला धोका. रूम हीटरनं हवा कोरडी होते. बल्ब लावला तर निशाचर प्राणी उजेडानं हैराण होतो. बाटलीच बरी, फक्त पाणी गार झालं की बदलत राहा. गार बाटली उलट अंगातली ऊब ओढून घेते.
चावलं किंवा ओरखडलं तर नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच मेडिकल किंवा मेयो, कोणतंही सरकारी रुग्णालय गाठा. रेबीजची लस घ्यायची की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतील, गुगल नाही. हळद-चुना लावत बसू नका.
पिल्लाला गाईचं दूध पाजलं असेल तर बंद करा, ढाळ लागतात. जुलाबानं पिल्लू थंडीपेक्षा लवकर जातं.

ओहायोकर नागपुरी
माझी बहीण इथं सोबत राहते, ती प्राण्यांच्या पुनर्वसन केंद्रात स्वयंसेवक आहे. ते ओपॉसमचे व्हिडिओ पाहून गोंधळू नका. ओपॉसम झोपून हिवाळा काढत नाही. त्याच्या कानांवर आणि शेपटीवर केस नसतात, इथल्या बर्फात ती टोकं गोठून काळी पडतात. म्हणून जखमी ओपॉसम ठेवून घेतात, तेही बहुतेक राज्यांत परवाना असलेलेच लोक. वटवाघळं वसंतापर्यंत ठेवतात, कारण बाहेर महिनोन्महिने एक किडा नसतो. आपल्या नागपुरात असं कुठं आहे?

रातपाखरू
बरोबर बोललात. आपली थंडी कडक असते, पण थोडी असते. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता, तरी संक्रांत उलटून थोडे दिवस गेले की संध्याकाळी दिव्याभोवती किडे घोंगावायला लागतात. म्हणून हिवाळाभर पाळायचा प्रश्नच येत नाही. ठीक झालं की सापडलं तिथंच, बऱ्यापैकी ऊबदार संध्याकाळी, अंधार पडताना सोडायचं. थंडीची लाट असेल तर लाट ओसरेपर्यंत थांबायचं, बस.
आणि भाऊ, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. उदमांजर घरात ठेवणं गुन्हा आहे, कितीही माया असली तरी. वनखात्याच्या १९२६ वर फोन लावा. सेमिनरी हिल्सला ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी पक्षी-प्राणी तिथं घेतात.

कौलारू काकू
महालवाल्या बाळा, मसण्याउदाची आई मेली असेल असं लगेच धरू नको. ती रात्रीची फिरते. आमच्या माळ्यावर वर्षानुवर्षं नांदून राहिली ही मंडळी, धुमाकूळ घालतात पण उंदीर राहत नाहीत. पिल्लू ऊबदार असेल तर अंधार पडायच्या आत त्याच शेडमध्ये, उघड्या खोक्यात, कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही अशा उंचीवर ठेव. माणसाचा वास लागला की आई टाकते हे खोटं आहे. टॉर्च मारत उभा राहू नको, नाहीतर ती यायचीच नाही. सकाळपर्यंत नेलं नाही तर सेमिनरी हिल्स.

पक्का सावजी
अरे बाप्पा, वटवाघूळ घरात? निपाहचा रोग येते ना त्यानं! काहून झंझट घेऊन राहिला, बाहेर फेक.

जनावरांचा डॉक्टर
निपाहचा संबंध मोठ्या फळखाऊ वटवाघळांशी आहे, यांच्या खोक्यातलं तसं दिसत नाही. तरी काळजी सगळ्यांचीच घ्यायची: विष्ठा झाडून उडवायची नाही, ओल्या कापडानं पुसायची, आणि कुणी कुरतडलेली फळं खायची नाहीत. फेकून मात्र देऊ नका. गारठलेलं जमिनीवर पडलं तर मांजर काम तमाम करेल, आणि मग मांजराला काय झालं ते वेगळंच.

महालवाला
सगळ्यांचे आभार. बाटली ठेवल्यावर तासाभरानं फडक्यावर चढून लटकलंय! १९२६ वर नोंद केली, वनखात्याची माणसं दुपारी येताहेत. पिल्लाला आज रात्री शेडमध्ये ठेवतोय, काकांना कुत्रं बांधायला सांगितलं. आणखी एक, संक्रांत जवळ आली, मांजात अडकलेलं वटवाघूळ सापडलं तर काय करायचं?

रातपाखरू
ओढू नका. नायलॉन मांजा ओढला की पंखाचा पडदा चिरत जातो आणि बोटांची हाडं मोडतात. झाडापासून दोरा कापा, अंगाला गुंडाळलेला तसाच राहू द्या, तो सेंटरवाले भिंग लावून काढतील. जाड कापड टाकून पंख मिटलेल्या स्थितीत खोक्यात घ्या, भोकं पाडलेलं झाकण लावा. मोठं फळखाऊ असेल आणि सेंटरला न्यायला उशीर होणार असेल तर अंग ऊबदार झाल्यावर पपई-चिकूचा गर चालेल. रस पिळून घेतं आणि चोथा थुंकतं, आजारी आहे म्हणून नाही, त्यांची खायची रीतच ती. तारेला चिकटलेलं दिसलं तर हात लावू नका, आधी वीज कंपनीला फोन.