वासुदेवाला गेटवर अडवणाऱ्यांना उत्तर

वाघबीळकर
आमच्या कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट पडली. मजकूर साधारण असा: रविवारी पहाटे वेश करून भीक मागणारा माणूस आत आलाच कसा, वॉचमनला मेमो द्या, आपण मेंटेनन्स कशासाठी भरतो? खाली अंगठ्यांची रांग. मी दोन ओळी लिहिल्या तर ॲडमिननं "विषय बंद" करून टाकलं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

तो माणूस वासुदेव होता. वॉचमननं बाहेर काढल्यावर मी त्याच्यामागे गेलो, टपरीवर चहा घेतला आणि बराच वेळ बोललो. राहायला दिव्याला. पहाटेची लोकल, मग ठाणे स्टेशनहून घोडबंदरची बस. गर्दीत मोरपिसं मोडतात म्हणून टोपी डोक्यावर नसते, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर असते. अंगरखा उतरल्यावर चढवायचा, गंध एखाद्या रिक्षाच्या आरशात बघून लावायचं. मग एका हातात टाळ, दुसऱ्या हातात चिपळ्या, पायात चाळ, मधूनच कमरेचा पावा काढून फुंकायचा, वर गाणं आणि गिरकी. एवढं सगळं एकटा माणूस करतो, आणि मी ऐकलं तेव्हा लय कुठेही सुटली नव्हती.

कामाची वेळ फार थोडी. उजाडल्यापासून लोक ऑफिसला निघेपर्यंत. त्यानंतर कोणी थांबत नाही, आणि दहानंतरच्या उन्हात तो अंगरखा अंगावर सोसवत नाही. पावसाळ्यात टोपी भिजते म्हणून धंदा जवळजवळ बंद, तेव्हा मिळेल ती मजुरी. पूर्वी सुपातून जोंधळे यायचे. आता झोळीवर क्यूआर कोड चिकटवलाय आणि त्यावरूनही लोक फिदीफिदी हसतात. टॉवरच्या वरच्या मजल्यांवर आवाजच पोचत नाही. पोचला तर लोक बाल्कनीतून मोबाईल काढतात, शूटिंग करतात आणि आत जातात.

याला भीक म्हणणाऱ्यांनी एकदा दहा मिनिटं टाळ आणि चिपळ्या एकदम धरून बघावं. वादकाला वादनाचे पैसे मिळतात, एवढाच हा व्यवहार आहे. त्याला गेटवरून हाकलणं बंद झालं पाहिजे.

रात्रपाळी
ती पोस्ट माझी नाही, पण मी अंगठा दिला होता आणि पुन्हा देईन. मी ऐरोलीत नाईट शिफ्ट करतो. घरी येऊन साडेपाचला आडवा होतो. सहाला खाली चाळ वाजायला लागले की झोप गेली ती गेलीच. तुमची संस्कृती माझ्या झोपेच्या खर्चानं का जपायची? आणि सिक्युरिटीचं काय? टोपी, गंध, अंगरखा घातलेल्या माणसाचा चेहरा धड दिसत नाही. शेजारच्या सोसायटीत चोरी झाली तेव्हा आधी कोण कोण आत येऊन गेलं हे कुणालाच सांगता येईना. गेटवर नियम एकच असावा, पिझ्झावाल्याला जो तोच वासुदेवाला.

चरईची सून
अहो, लग्न होऊन चरईत आले तेव्हा आमच्या वाड्यात वासुदेव यायचा. सासूबाई सुपात तांदूळ, वर सुपारी आणि पैसा ठेवून मला पुढे करायच्या. तो घरातल्या गेलेल्या माणसांची नावं विचारायचा आणि त्यांच्या नावानं दान पावतं करायचा. आमच्या मामंजींचं नाव पहिल्यांदा त्यानं असं घेतलं तेव्हा सासूबाई मटकन खाली बसल्या होत्या. वाडा पाडून बिल्डिंग झाली, आता खाली पार्किंग आहे. वासुदेवानं उभं कुठे राहायचं? गाड्यांमध्ये?

टँकरग्रस्त
चाळांच्या आवाजानं झोप जाते म्हणे! आमच्याकडे कासारवडवलीला पहाटे चारपासून पाण्याचे टँकर रिव्हर्स घेतात, तो पीं पीं आवाज. रात्रभर मेट्रोचं काम. समोरच्या प्लॉटवर काँक्रीट मिक्सर. यांच्याविरुद्ध ग्रुपवर एक पोस्ट पडत नाही, कारण टँकर बंद झाला तर यांची अंघोळ बंद. एकटा माणूस टाळ वाजवतो त्याच्यावर मात्र मेमो. ठाण्यात पाण्याचं नियोजन न करता टॉवर उठवले, त्यावर बोला आधी.

रात्रपाळी
टँकरचा वेगळा धागा काढा. तिथेही मी तुमच्याच बाजूनं लिहीन.

नौपाड्याचा वकील
कायद्याचं बघायचं तर रात्रपाळी यांची बाजू पोकळ नाही, आणि वाघबीळकरांना हे कडू लागेल. 1959 चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे. त्यातल्या व्याख्येत गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं अशा कोणत्याही निमित्तानं सार्वजनिक जागी दान मागणं किंवा घेणं येतं, आणि त्यासाठी खासगी आवारात शिरणंही येतं. म्हणजे तुमचा वासुदेव रस्त्यावरही कचाट्यात आणि सोसायटीतही. पहिल्यांदा दोषी ठरला तरी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये या कायद्यातली बरीच कलमं रद्द केली, पण दिल्लीपुरती.

माझं मत विचाराल तर ही व्याख्याच अन्यायाची आहे. गाण्याला "निमित्त" म्हणणारा कायदा ज्यांनी लिहिला त्यांनी वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाले यांना एकाच ओळीत गुन्हेगार करून ठेवलं.

आवाजाचं म्हणाल तर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा. त्या वेळात उघड्यावर वाद्य वाजवायला मनाई आहे. सहानंतर निवासी भागाची मर्यादा 55 डेसिबल. वासुदेवानं सहाच्या आधी येऊ नये, इतपत मागणी रास्त.

रात्रपाळी
चला, वकिलांनी निदान एवढं तरी कबूल केलं.

मोरपीस
मला एक कळत नाही. ती टोपी मोराच्या पिसांची. त्यासाठी किती मोर मारले जातात यावर कोणीच का बोलत नाही? राष्ट्रीय पक्षी आहे तो.

नौपाड्याचा वकील
मोर दरवर्षी पावसाळा सरता सरता पिसारा झाडतो. गळलेली पिसं बाळगायला आणि देशात विकायला 1972 च्या वन्यजीव कायद्यात सूट आहे, निर्यातीला बंदी आहे. मोर मारून उपटलेल्या पिसांना अर्थातच सूट नाही, तो गुन्हाच. पण एका टोपीवरून माणसाला मोरमाऱ्या ठरवू नका.

कार्यक्रमवाला
मी ठाण्यात लग्नं, दिवाळी पहाट, पाडव्याच्या शोभायात्रा यांची कामं घेतो. वासुदेव संपत चाललाय म्हणून रडणाऱ्यांना सांगतो, आमच्याकडे त्याला भरपूर मागणी आहे. नवरदेवाच्या स्वागताला वासुदेव हवाच असतो लोकांना. कॉलेजची, एकांकिका करणारी पोरं घेतो, त्यांना शिकवतो, ड्रेस आमचा, मेकअप आमचा. परंपरा अशी पुढे जाते. गेटवर उभं राहून हात पसरण्यापेक्षा स्टेजवर मानानं यावं.

दिव्याचा पुतण्या
मी इथे लिहीत नाही, नुसता वाचतो. पण आता राहवत नाही. माझे चुलते वासुदेव आहेत, आजोबा होते, पणजोबा होते. मी नाही, मी भिवंडीला गोडाऊनमध्ये आहे.

कार्यक्रमवाले, तुम्ही पोरांना काय शिकवता? टोपी कशी घालायची आणि गिरकी कशी मारायची. आमच्या काकांना दान पावल्यावर घ्यायची देवांची नावं ओळीनं पाठ आहेत, पंढरीच्या विठोबापासून जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई आणि पुढे गावोगावचे देव. कुणाच्या घरी काय गायचं, घरात सुतक असेल तर काय गायचं नाही, हे त्यांना घराचा उंबरा बघून कळतं. आणि शोभायात्रेत वासुदेव हवा असतो तेव्हा तुम्ही आम्हाला विचारत नाही, दुकानातून ड्रेस भाड्यानं आणता. वर म्हणता हात पसरतात.

कार्यक्रमवाला
म्हणजे आता वासुदेव व्हायला जातीचा दाखला दाखवायचा का? कलेला जात लावणार? राजाचं काम करणाऱ्या नटाला राजघराण्यात जन्मावं लागत नाही. अशानंच कला मरतात. एकनाथांनी वासुदेवावर रचना केल्या, ते काय वासुदेव होते?

दिव्याचा पुतण्या
एकनाथांनी आमच्या पोटावर पाय दिला नाही.

दाखल्याचं तुम्ही काढलंच आहे तर ऐका. आम्ही भटक्या जमातीत येतो, सरकारी यादीत नाव आहे. दाखला काढायचा तर 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा आणा म्हणतात. आजोबा आयुष्यभर गावोगाव फिरले. कुठल्या गावचा पुरावा आणू? माझी शाळेची फी त्या दाखल्यापायी अडली होती. तुमच्या नटानं टोपी काढली की तो घरी जातो. काकांना मागच्या वर्षी एका स्टेशनाबाहेर हटकलं, टोपी काढायला लावली, झोळी रस्त्यावर रिकामी केली. टोपी काढल्यावरही ते वासुदेवच होते.

चरईची सून
शाबास रे बाळा. कार्यक्रमवाले, माझ्या भाचीच्या लग्नात आला होता तुमच्यासारख्यांचा वासुदेव. चिपळ्या नुसत्या हातात धरल्या होत्या, आवाज स्पीकरमधून येत होता. आजोबांचं नाव घे म्हटलं तर पोरगा माझ्याकडे बघतच राहिला.

कार्यक्रमवाला
एका पोरावरून सगळ्यांना झोडपू नका, मावशी. मी धंदा करतो, पण मलाही या टोपीबद्दल प्रेम आहे. खऱ्या वासुदेवांकडे जायचं तर ते सापडत नाहीत, वेळ सांगितली तर लग्नाच्या मुहूर्ताला पोचतील याची खात्री नसते, बिल मिळत नाही.

दिव्याचा पुतण्या
पहाटेची गाडी चुकवत नाहीत ते मुहूर्त चुकवतील? बिल मी करून देतो. पोरांना जेवढे देता तेवढेच द्या, कमी नाही. आणि पोरांना शिकवायचं असेल तर काकांना बोलवा, त्याचे पैसे वेगळे.

कार्यक्रमवाला
ठीक. तुळशीच्या लग्नानंतरच्या दोन तारखा आहेत. मेसेज करतो. पोरं मात्र मी बंद करणार नाही, तेही मेहनत करतात.

वाघबीळकर
चर्चा लग्नांच्या स्टेजवर गेली, तीही हवीच होती. पण माझा प्रश्न गेटचा आहे. स्टेजवर वर्षातून काही दिवस काम मिळेल. उरलेल्या सकाळी चूल गेटच्या आतूनच पेटते. रात्रपाळी, चोरीची भीती मला मान्य नाही. घुंगरू वाजवत, मोरपिसांची टोपी घालून, सगळ्या खिडक्यांना हाका मारत कोणी टेहळणी करत नाही. तरी नाव रजिस्टरमध्ये लिहून घ्या, फोटो घ्या, कोणाची हरकत नाही. मी कमिटीला पत्र देतोय: महिन्यातून एक रविवार, बागेजवळच्या कट्ट्यापाशी, वासुदेवाला प्रवेश.

रात्रपाळी
टेहळणीचं तुम्ही ठरवू नका, शेजारच्या सोसायटीतल्यांना विचारा. पण रजिस्टरमध्ये नोंद आणि फोटो असेल तर तो मुद्दा मी सोडतो. झोपेचा सोडत नाही. रविवारी मी शनिवारची शिफ्ट करून येतो. साडेआठच्या आधी नको. आणि कट्टा आमच्या विंगखाली आहे, क्लबहाऊसच्या बाजूला घ्या, नाहीतर चाळ काढून वाजवू दे. एवढं पत्रात असेल तर मी कमिटीत विरोध करणार नाही. सही मात्र मागू नका.

टँकरग्रस्त
त्याच पत्रात टँकरची वेळ पण घाला.

दिव्याचा पुतण्या
चाळ काढणार नाहीत. ते पायात नसतील तर काका गातच नाहीत. क्लबहाऊसच्या बाजूला चालेल. साडेआठ म्हणजे उशीर होतो, त्याआधी ते दुसऱ्या एखाद्या वस्तीत फिरून तुमच्याकडे येतील. वाघबीळकर, पत्रात महिन्याचा दुसरा रविवार लिहा, पहिल्या रविवारी ते कळव्याला असतात. आणि कार्तिकीच्या आसपासचा रविवार धरू नका, तेव्हा ते पंढरपूरला जातात.