प्रतिसाद: उन्हामुळे पोरं दिवसभर घरात कशाला?

ताई, तुम्ही म्हणता जळगावचा पारा मे महिन्यात ४४-४५ ला जातो, तीन वर्षाच्या पोराला बाहेर कसं सोडणार, म्हणून टीव्ही. दुपारचं पटलं हो, पण सकाळी आठच्या आत आन् ऊन उतरल्यावर काय अडचण? डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या गाईडलाईनमधे ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल सांगितलीय, त्यातली ६० जरा जोराची, आणि स्क्रीन जास्तीत जास्त एक तास. १८० ऐकून घाबरू नका, एका दमात नाही करायचं, धाब्याचा, म्हणजे गच्चीचा, जिना चढणं-उतरणं पण त्यात धरतात. आमच्या गल्लीत कुणाचं बांधकाम निघालं की वाळूचा ढीग पडतो, पोरं त्यावर चढतात, घसरतात, स्वतःच्याच चपला पुरतात आन् मग रडत शोधतात, आपण फक्त सळया आणि मांजरीची घाण बघून घ्यायची. दुपारी घरात गादी टाकून कोलांटउड्या मारू द्या. आणि नर्सरीवाले एवढ्याशा लेकरांना बाकावर बसवून एबीसीडी गिरवून घेतात, त्यांना फी भरतानाच विचारा ना मैदानात किती वेळ सोडता, ते कुणी विचारतच नाही, सगळे युनिफॉर्मचं विचारतात.