वकिली करता करता झेडपीला उभं राहावं का? कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्यावरून पडलेला प्रश्न

खारपाणपट्टा:
नमस्कार मंडळी. मी सहा वर्षांपासून दर्यापूरला वकिली करते. बहुतेक कामं ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान जमिनीची, वहिवाटीच्या रस्त्याची, पोटगीची. तालुक्यातल्या एका वस्तीला स्मशानात जायला रस्ता नव्हता. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय गुडघ्यापर्यंत रुतायचे, तिरडीला चाराच्या जागी आठ खांदेकरी लागायचे. आधी तहसीलदार, मग एसडीओ, अशा तीन वर्षं तारखा केल्या. आदेश आमच्या बाजूने लागला. वस्तीतल्या एका आजीने त्या कागदाला हात लावून तो हात कपाळाला लावला. त्याला आता दीड वर्ष होतंय आणि रस्त्यावर मुरमाची एक ट्रॉली पडलेली नाही. ग्रामपंचायत म्हणते निधी नाही, वरचे म्हणतात ठराव पाठवा.

आता वस्तीतले लोक म्हणतात, ताई, झेडपीला उभ्या राहा. नेमकं याच दिवसांत मी मॉटली यांच्याबद्दल वाचत होते. अमेरिकेतल्या सुप्रीम कोर्टात दहा खटले चालवले, नऊ जिंकले. शाळांमधला वर्णभेद मोडणाऱ्या ब्राउन खटल्याचा मूळ दावा 1950 मध्ये त्यांनीच लिहिला. आणि वकिली भरात असताना, 1964 मध्ये, त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात गेल्या. तिथे निवडून आलेल्या त्या पहिल्या काळ्या स्त्री. पण 1966 मध्ये राजकारण संपलंसुद्धा. का गेल्या असतील, आणि इतक्या लवकर बाहेर का पडल्या असतील? मी उभी राहिले तर माझ्या पक्षकारांना मध्येच सोडल्यासारखं होईल का? मनापासून विचारतेय.

जुना काळा कोट:
ताई, अडतीस वर्षं अचलपूरच्या कोर्टात उभा राहतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या आजीच्या कागदाचं जे झालं, ते मॉटली यांनी फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं होतं. जेम्स मेरेडिथ या काळ्या तरुणाला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून त्या वीसहून अधिक वेळा त्या राज्यात गेल्या. तिकडच्या हॉटेलात काळ्या माणसाला खोली मिळत नसे. शेजारच्या अलाबामा राज्यात बर्मिंगहॅमला गेल्या की वकील आर्थर शोअर्स यांच्या घरी उतरायच्या आणि बाहेर हत्यारबंद माणसं रात्रभर पहारा द्यायची. मेरेडिथच्या बाजूने आदेश झाला, तरी खुद्द गव्हर्नर आडवा उभा राहिला. केंद्र सरकारला मार्शल आणि सैन्य पाठवावं लागलं, त्या रात्री दोन माणसं मेली, तेव्हा कुठे 1 ऑक्टोबर 1962 ला त्या पोराचं नाव पटावर चढलं. आदेशामागे सरकार उभं राहिलं नाही तर काय होतं, हे या बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसरं, त्यांनी पक्षकार सोडले नाहीत. फेब्रुवारी 1964 च्या पोटनिवडणुकीत त्या सिनेटवर गेल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात सुप्रीम कोर्टात स्वेन खटल्यात युक्तिवाद करत होत्या. खटल्यात निवाडा देणाऱ्या नागरिकांच्या मंडळातून, म्हणजे ज्युरीतून, काळ्या माणसांना वगळण्याचा प्रश्न होता. हा त्यांचा दहावा खटला, एकुलता एक हरलेला. 1986 मध्ये बॅट्सन खटल्यात त्याच कोर्टाला आपली भूमिका बदलावी लागली. तो हरलेला खटला मला त्यांच्या नऊ विजयांइतकाच मोठा वाटतो.

राजकारणातून त्या कंटाळून निघाल्या नाहीत. 1965 मध्ये मॅनहॅटन बरोच्या, म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या त्या विभागाच्या, अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना फेडरल, म्हणजे केंद्रीय न्यायालयाच्या न्यायाधीश नेमलं. मिसिसिपीचे सिनेटर ईस्टलंड यांनी ते नाव कित्येक महिने अडवून धरलं होतं. 2005 मध्ये वारल्या तोवर त्या न्यायाधीशच होत्या.

आणि इतकं लांब कशाला जायचं? आपले पंजाबराव देशमुख बॅरिस्टरच होते ना! अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. आजच्या झेडपीची ती आजीच म्हणा.

एकच सांगणं आहे. ज्या संस्थेत बसाल, तिच्याविरुद्धचं आणि तिच्या हाताखालच्या ग्रामपंचायतींविरुद्धचं एकही वकीलपत्र स्वतःकडे ठेवू नका.

पऱ्हाटी:
ताई, मी पंचायत समितीत पाच वर्सं काढली. तुमाले खरं सांगतो, स्मशानाचा रस्ता जनसुविधा योजनेतून होते. पैसा जिल्हा नियोजन समितीकडून येते, पण गावचा ठराव लागते. ठराव होऊन नाई रायला, कारण ज्याच्या वावराच्या धुऱ्यावरून रस्ता जाते तोच गावात मोठा हाय. झेडपीत तुमी बसल्या तर हे बंद दाराआड चाललेलं तुमाले दिसन तरी. कोर्टात ते दिसत नाई. पण निवडणुकीची वाट पाहू नका. येत्या ग्रामसभेत वस्तीच्या बाया घेऊन जा, समोर बसवा, आन् नाव घेऊन विचारा. प्रोसिडिंग लिहून झाल्याबिगर उठू नका.

निंबाची सावली:
पऱ्हाटीभाऊंच्या बोलण्यावरून मॉटली यांची अठराव्या वर्षाच्या आसपासची गोष्ट आठवली. वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थी मंडळांकडे स्वयंपाकी, पोरीच्या कॉलेजला पैसा नाही. न्यू हेवनमध्ये काळ्या वस्तीसाठी एक समाजगृह होतं, पण लोक तिथे फिरकत नव्हते. का, यावर सभा भरली. ही पोर उठली आणि म्हणाली, सगळे कारभारी गोरे आहेत, आमचं तिथे काही चालतच नाही. ते समाजगृह बांधून देणारे क्लॅरेन्स ब्लेकस्ली समोरच बसले होते. रागावायच्या ऐवजी त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि वकिलीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च उचलला. कोलंबियातून 1946 मध्ये ती कायद्याची पदवीधर झाली. बाबासाहेब शिकले तेच विद्यापीठ.

खारपाणपट्टा:
सगळ्यांचे आभार. स्वेन खटल्याची तारीख मला ठाऊक नव्हती. सिनेटर असतानाही त्या कोर्टात उभ्या होत्या, हे वाचून रात्री बराच वेळ जागी होते. ग्रामसभेला वस्तीतल्या अकरा बाया यायला तयार झाल्यात, ती आजीसुद्धा. अर्ज भरण्याचं त्यानंतर ठरवीन.

काका, एक विनंती. ग्रामपंचायतींविरुद्धची माझ्याकडे चार प्रकरणं आहेत. उभं राहायचं ठरलं तर तुम्ही त्यांचं वकीलपत्र घ्याल का? पक्षकार गरीब आहेत, अचलपूरहून यायचा तुमचा खर्च मी देईन.

जुना काळा कोट:
खर्चाचं राहू द्या. फाइली घेऊन या, आणि पक्षकारांनाही सोबत आणा. त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी कोऱ्या वकीलपत्रावर सही घेत नाही.